बदलीचा आदेश आला की पुढे काय? सरकारी डॉक्टरांसाठी मॅटपर्यंतची वाट

शुक्रवारी संध्याकाळी उशिरा ग्रुपवर पीडीएफ पडते. पंचवीस-तीस नावं, त्यात कुठेतरी आपलं. समोरच्या रकान्यात अडीचशे किलोमीटरवरचं ग्रामीण रुग्णालय आणि खाली ठरलेलं वाक्य: तात्काळ रुजू व्हावे. पहिला फोन घरी जातो, दुसरा ओळखीच्या आमदाराच्या पीएला. बऱ्याच जणांचं नुकसान या दुसऱ्या फोनपासून सुरू होतं.

वैद्यकीय अधिकारी म्हणून नोकरी करताना मी दोनदा मॅटची, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाची पायरी चढलो. एकदा हरलो, एकदा जिंकलो. हरलो तेव्हा अर्जाची चार पानं मुलीची दहावी आणि आईचा गुडघा यांनी भरली होती. जिंकलो तेव्हा अर्ज आटोपशीर होता, आणि मंत्रालयातल्या फाईलवर जिथे सही हवी होती तिथे ती नव्हती. तेव्हापासून कुणी विचारलं की मी एवढंच सांगतो: आपली अडचण खरी असली तरी खटला तिच्यावर उभा राहत नाही. खटला फाईलवर उभा राहतो.

आधी ठरवा, तुम्ही नोकर कोणाचे

बदलीविरुद्ध कुठे जायचं, हे नेमणुकीवरून ठरतं. सार्वजनिक आरोग्य विभाग किंवा वैद्यकीय शिक्षण विभागाचे नियमित डॉक्टर राज्य शासनाचे कर्मचारी, म्हणून त्यांची जागा मॅट. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत असलं, तरी तिथला राज्य संवर्गातला वैद्यकीय अधिकारी राज्य शासनाचाच असतो. त्यानेही मॅटमध्येच जायचं. मॅटचं मुख्य पीठ मुंबईला, बाकीची दोन नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला.

मुंबई महापालिकेच्या रुग्णालयातले डॉक्टर राज्य शासनाचे नोकर नाहीत. त्यांच्यासाठी उच्च न्यायालयात रिट याचिका. केंद्रीय आरोग्य सेवेतले आणि केंद्राच्या कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे (ईएसआयसी) डॉक्टर केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे कॅटमध्ये जातात. इथे गोंधळ होतो, कारण राज्याची कामगार विमा योजना वेगळी आणि केंद्राचं महामंडळ वेगळं. पगार कोण देतं आणि नेमणूक पत्रावर सही कोणाची, ते बघा. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी डॉक्टरांना खाली सांगितलेला बदली कायदा लागू होत नाही. त्यांचा सगळा भार करारपत्रावर. गोव्यात मॅटसारखं न्यायाधिकरण नाही, तिथले सरकारी डॉक्टर थेट मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात जातात, आणि महाराष्ट्राचा बदली कायदा त्यांच्या कामाचा नाही.

यापुढचं सगळं महाराष्ट्र शासनाच्या नियमित डॉक्टरांपुरतं आहे.

कायदा काय म्हणतो

कायद्याचं नाव लांबलचक आहे: महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५. आपल्या कामाची कलमं चार, ३ ते ६. इंटरनेटवर मिळतात, एका बैठकीत वाचून होतात. वकिलाकडे जाण्याआधी वाचा.

कलम ३ नुसार गट अ, ब आणि क च्या कर्मचाऱ्याचा एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी ३ वर्षांचा. कलम ४(१) म्हणतं, तो पूर्ण झाल्याशिवाय सामान्यतः बदली करायची नाही. कलम ४(४) नुसार बदल्या वर्षातून एकदाच, एप्रिल किंवा मे महिन्यात. इतर महिन्यांत बदली करायची तर एक तर पद नव्याने निर्माण झालेलं किंवा निवृत्ती, पदोन्नती, राजीनामा अशा कारणाने रिकामं झालेलं असावं लागतं. नाहीतर अपवादात्मक परिस्थिती किंवा विशेष कारण लेखी नोंदवून वरच्या प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यावी लागते. कलम ४(५) मुदतीआधीच्या बदलीचं. तीही करता येते, पण विशेष प्रकरणात, लेखी कारणासह, आणि कलम ६ च्या तक्त्यातल्या लगतच्या वरिष्ठ प्राधिकाऱ्याच्या पूर्वमान्यतेने.

४(४) आणि ४(५) ही दोन वेगळी कुलपं आहेत. ऑगस्टमध्ये आणि तेही दीड वर्षातच बदली झाली असेल, तर सरकारला दोन्ही उघडावी लागतात. मे महिन्यात पण दीड वर्षात झाली असेल तर फक्त दुसरं. ३ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाची मे महिन्यात बदली झाली असेल, तर दोन्ही कुलपं आधीच उघडी आहेत. अशा वेळी मी स्पष्टच सांगतो, बॅग भरा. वकिलाची फी आणि झोप दोन्ही वाचेल.

मे महिना नेहमी मे महिन्यातच संपतो असं नाही. सर्वसाधारण बदल्यांना मुदतवाढ देणारे शासन निर्णय निघतात. कोरोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, बदल्या जुलै-ऑगस्टपर्यंत गेल्या आणि त्यांना १५ टक्क्यांची मर्यादाही घातली गेली. म्हणून त्या वर्षीचा शासन निर्णय शोधून जोडल्याशिवाय ‘हंगामाबाहेरची बदली’ असं अर्जात लिहू नका.

सही कोणाची लागते

इथे खटले जिंकले जातात, म्हणून जरा थांबू. कलम ६ च्या तक्त्यात बदली करणारा सक्षम प्राधिकारी गटाप्रमाणे दिला आहे. गट अ मधल्या वरच्या वेतनश्रेणीच्या अधिकाऱ्यांसाठी मुख्यमंत्री. त्याखालच्या वेतनश्रेणीचे गट अ अधिकारी आणि गट ब राजपत्रित अधिकारी यांच्यासाठी खात्याचे मंत्री, संबंधित सचिवांशी विचारविनिमय करून. तक्त्यातली वेतनश्रेणी जुन्या वेतन आयोगाची, म्हणजे १०,६५०-१५,८५० अशी लिहिलेली आहे. आपल्या पदाची तेव्हाची श्रेणी काय होती ते पाहावं लागतं. साधा एमबीबीएस वैद्यकीय अधिकारी गट अ च्या खालच्या टप्प्यात आणि आयुर्वेद पदवीधर वैद्यकीय अधिकारी गट ब मध्ये येतो. दोघांचे सक्षम प्राधिकारी मंत्री. त्यामुळे त्यांची मुदतपूर्व बदली करायची तर पूर्वमान्यता मुख्यमंत्र्यांची लागते.

‘पूर्व’ हा शब्द अधोरेखित करा. आदेश १२ तारखेचा आणि फाईलवर मान्यता १९ तारखेची, असं खरोखर घडतं. अधिकार खाली सोपवल्याचं सरकारचं म्हणणं असेल, तर सोपवण्याचा लेखी आदेश मागा.

दुसरा टप्पा नागरी सेवा मंडळाचा, म्हणजे बदल्यांची शिफारस करणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मंडळाचा. टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं की बदल्यांची शिफारस अशा मंडळाने करावी, आणि राजकीय नेतृत्वाला ती डावलायची असेल तर लेखी कारण द्यावं. त्यानंतर महाराष्ट्रातही विभागनिहाय मंडळं नेमली गेली. तुमचं नाव मंडळापुढे गेलं होतं का, बैठक झाली की कागद सह्यांसाठी टेबलावरून टेबलावर फिरला, मंडळाने ‘बदली नको’ म्हटल्यावरही नाव यादीत कसं आलं, हे प्रश्न अर्जात असायलाच हवेत.

कारण कोणतं लिहिलंय

‘प्रशासकीय कारणास्तव’ हे शब्द आदेशात असतातच. किशोर म्हस्के प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटलं की मुदतपूर्व बदलीसाठी असं मोघम वाक्य पुरेसं नाही. कायद्याला खरं, नोंदवलेलं कारण लागतं. बदलीच्या अर्जांमध्ये हा निकाल वारंवार दाखवला जातो, वकिलाने दाखवला नाही तर तुम्ही आठवण करा.

डॉक्टरांच्या बाबतीत खरं कारण बहुतेक वेळा दोनपैकी एक असतं. कुणाला तरी तुमची जागा हवी असते, किंवा कुणीतरी तक्रार केलेली असते.

पहिल्या प्रकारात आदेश नीट वाचा. तुमच्या जागी येणाऱ्याचं नाव त्याच आदेशात असेल आणि त्याच्यासमोर ‘विनंतीवरून’ असं असेल, तर दुसऱ्याची सोय करण्यासाठी तुम्हाला मुदतीआधी हलवलं, हा मुद्दा उभा राहतो.

दुसरा प्रकार आपल्या पेशाला जास्त चिकटलेला. रात्री दोनला रुग्ण येतो, दगावतो, नातेवाईक गोंधळ घालतात, स्थानिक पुढारी निवेदन देतो आणि आठवड्यात बदली. ‘जनक्षोभ’ शांत. सामान्य प्रशासन विभागाचं ११ फेब्रुवारी २०१५ चं परिपत्रक नेमकं याबद्दल आहे. ३ वर्षं न झालेल्या कर्मचाऱ्याची निव्वळ तक्रारीवरून बदली करू नये; आधी वस्तुस्थितीचा अहवाल मागवावा, तक्रारीचं गांभीर्य तपासावं; तथ्य असेल आणि त्याच जागी ठेवणं योग्य वाटत नसेल तरच कारणं नोंदवून बदली करावी आणि शिस्तभंगाची कारवाईही सुरू करावी, असा त्याचा आशय. चौकशी नाही, नोटीस नाही आणि बदली मात्र आहे, असं असेल तर ती शिक्षाच ठरते. सोमेश तिवारी प्रकरणात (२००९) सर्वोच्च न्यायालयाने शिक्षेऐवजी केलेली बदली रद्द केली होती, आणि त्या प्रकरणाची सुरुवातही एका निनावी तक्रारीतून झाली होती.

याचा एक तोटा ध्यानात घ्या. तुम्ही ‘तक्रारीची चौकशी झाली नाही’ म्हणाल, तेव्हा सरकार चौकशी सुरू करू शकतं. तक्रारीत दम असेल, ओपीडीच्या वेळात खाजगी दवाखान्यात बसल्याचे पुरावे बाहेर असतील, तर हा मुद्दा काढण्याआधी दोनदा विचार करा.

आमदाराच्या पत्रावरून झालेली बदली आपोआप रद्द होते, असा एक लोकप्रिय समज आहे. मोहम्मद मसूद अहमद प्रकरणात (२००७) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लोकप्रतिनिधीने शिफारस केली एवढ्यावरून बदली अवैध ठरत नाही. फाईलमध्ये त्या पत्राखेरीज काहीच नाही, प्रशासनाने स्वतःचं डोकं वापरल्याची खूण नाही, असं दाखवता आलं तर गोष्ट वेगळी. आणि तुम्ही स्वतः पत्र आणलंत तर? महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ च्या नियम २३ प्रमाणे सेवेच्या बाबतीत बाहेरचं वजन आणणं हाच गैरवर्तनाचा विषय आहे. सरकारी वकील ते पत्र फाईलमधून काढून न्यायाधिकरणापुढे ठेवतो, आणि मग खजील व्हायची पाळी तुमची. म्हणून त्या पीएला फोन नको.

पहिले ४८ तास

मॅटमध्ये अर्ज करायला कायद्याने १ वर्षाची मुदत आहे. बदलीच्या प्रकरणात ती कागदावरची. तुमच्या हातात असतात दोन-तीन दिवस. एकदा तुम्ही कार्यमुक्त झालात आणि दुसरा डॉक्टर तुमच्या खुर्चीत रुजू झाला, की अंतरिम स्थगिती मिळणं फार अवघड. मग सुनावणी महिनोन्‌महिने चालते आणि तोवर तुम्ही नव्या गावात भाड्याचं घर घेतलेलं असतं.

म्हणून सगळ्यात आधी कागद गोळा करा. आताच्या पदावरचा रुजू अहवाल (३ वर्षांची मोजणी इथून होते), आधीच्या बदल्यांचे आदेश, या आदेशाची प्रत, त्या वर्षीचा बदल्यांचा शासन निर्णय, गेल्या काही वर्षांचे गोपनीय अहवाल, तक्रार किंवा नोटीस आली असेल तर ती आणि तिला दिलेलं उत्तर. सेवापुस्तकाची प्रत बहुतेकांकडे नसते. ती आदेश यायच्या आधीच काढून ठेवायची असते, हे आता सांगून उपयोग नाही, तरी सांगतो.

त्याच दिवशी वरिष्ठांकडे एक पानाचं निवेदन द्या, ई-मेलने आणि आवक शिक्क्यासह कागदावरही. प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ च्या कलम २० नुसार खात्यातले उपाय आधी वापरलेले असावेत अशी सर्वसाधारण अपेक्षा आहे. पण निवेदन दिलं म्हणजे बदली थांबली, असं समजू नका. गुजरात विद्युत मंडळ वि. आत्माराम पोशानी (१९८९) या निकालाने ही पळवाट केव्हाच बंद केली आहे. स्थगिती नसेल तर रुजू व्हावंच लागतं.

पदभार सोडायला सांगितलं तर? मांडवली करून ‘दोन दिवस थांबा’ म्हणणारे अधीक्षक भेटले तर बरं. नाहीतर एकतर्फी कार्यमुक्तीचा आदेश निघतो. तो घेताना तारीख आणि वेळ घालून सही करा आणि पदभार प्रत्यक्ष कोणी घेतला, घेतला की नाही, याची नोंद ठेवा. पदभार कागदोपत्रीच गेला असेल, तर मॅटमध्ये ते सांगता येतं.

आजारी रजेचा मार्ग मी सुचवत नाही. डॉक्टरने डॉक्टरकडून घेतलेल्या प्रमाणपत्राकडे सगळेच तिरक्या नजरेने बघतात, वैद्यकीय मंडळापुढे पाठवलं तर फजिती होते, आणि ‘आदेश चुकवण्यासाठी रजा’ हा ठपका तुमच्या चांगल्या मुद्द्यांवर पडतो.

अर्जात काय असावं

मॅटमधल्या अर्जाला मूळ अर्ज किंवा नुसतं ओए म्हणतात. तुम्ही जिथे नेमणुकीवर आहात त्या भागाच्या पीठात तो दाखल करायचा. प्रतिवादी म्हणून खात्याचे सचिव आणि आयुक्त किंवा संचालक हवेतच. तुमच्या जागी येणाऱ्या डॉक्टरलाही प्रतिवादी करा. बॅचमेट असतो, संकोच वाटतो, पण त्याला न ऐकता त्याच्याविरुद्ध आदेश होऊ शकत नाही, आणि ही चूक दुरुस्त करण्यात पहिली तारीख वाया जाते.

मजकूर तारखांनी सुरू करा. अमुक तारखेला रुजू, अमुक तारखेला बदली, झालेला काळ इतकी वर्षं इतके महिने. पुढच्या परिच्छेदात कोणतं कलम मोडलं. मग कारण आणि मान्यता. मूळ फाईल, मंडळाचं इतिवृत्त आणि मान्यतेची टिपणी न्यायाधिकरणापुढे हजर करावी, ही मागणी ठळक लिहा. माहिती अधिकारात हेच कागद मागायला हरकत नाही, पण तिथे ३० दिवस जातात. बदलीच्या शर्यतीत तेवढा वेळ नसतो.

‘दुष्ट हेतू’ हा शब्द जपून वापरा. तो सिद्ध करायची जबाबदारी तुमची आणि ती जड आहे, हे रॉयप्पा प्रकरणापासून (१९७४) ठरलेलं आहे. ज्याच्यावर आरोप करता त्याला नावाने प्रतिवादी करावं लागतं. कलमभंगाचा मुद्दा भक्कम असेल तर हा आरोप अर्जाला उगाच जड करतो.

कौटुंबिक अडचणींना शेवटी एक परिच्छेद पुरे. पती-पत्नी एकत्रीकरण हे धोरण आहे, हक्क नाही. एस. एल. अब्बास प्रकरणापासून (१९९३) न्यायालयं म्हणत आली आहेत की मार्गदर्शक सूचना मोडल्या म्हणून बदली रद्द होत नाही, वैधानिक तरतूद मोडली तर होते. अपंगत्वाची बाब मात्र वेगळी मांडा, कारण दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २०(५) मध्ये दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या नेमणुका आणि बदल्यांचा उल्लेख आहे. आदिवासी किंवा नक्षलग्रस्त भागात काम केलेलं असेल, तर ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयातली पसंतीच्या जागेची तरतूद जोडा.

‘मी इथला एकमेव भूलतज्ज्ञ आहे, सिझेरियन बंद पडतील’ हा मुद्दा ऐकायला जोरदार वाटतो. न्यायाधिकरण म्हणतं, रुग्णांची सोय सरकार बघेल. त्यापेक्षा बदली कायद्याचं कलम ५ बघा: विशेष तांत्रिक पात्रता आणि जागी लगेच दुसरा योग्य माणूस न मिळणं, हे मुदतवाढीचं कारण तिथे आहे. ते ३ वर्षं झालेल्यांच्या कामाचं, आणि तिथेही मुदतवाढ द्यायची की नाही हे सरकारच ठरवतं. खरा कामाचा मुद्दा उलट बाजूला असतो: जिथे पाठवलं तिथे तुमच्या संवर्गाचं, तुमच्या विषयाचं मंजूर पद तरी आहे का? नेत्रतज्ज्ञाला अशा ठिकाणी धाडतात जिथे नेत्रतज्ज्ञाचं पदच नसतं. मंजूर पदांची यादी मिळवा.

वैद्यकीय महाविद्यालयातल्यांसाठी एक वेगळी तऱ्हा आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची तपासणी जवळ आली की प्राध्यापकांना दुसऱ्या महाविद्यालयात ‘तात्पुरतं’ पाठवतात. आदेशात बदली हा शब्द नसतो. अशा आदेशाची शेवटची तारीख, पगार कुठून निघणार आणि मूळ पदाचं काय, हे तिन्ही लेखी विचारा. कायद्यातली बदलीची व्याख्या एका पदावरून, कार्यालयातून किंवा विभागातून दुसरीकडे नेमणूक अशी रुंद आहे. आदेशाला नाव काय दिलं यापेक्षा प्रत्यक्षात काय झालं, हे मांडता येतं.

पहिली तारीख आणि पुढे

पहिल्या सुनावणीत सरकारचे सादरकर्ता अधिकारी, म्हणजे पीओ, बहुधा माहिती घ्यायला वेळ मागतात. त्यावर तुमच्या वकिलाने एकच आग्रह धरायचा: तोवर ‘जैसे थे’. समोरच्याला न ऐकता अंतरिम आदेश देता येतो, पण १९८५ च्या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे तो १४ दिवसच टिकतो. म्हणून नोटिसा हमदस्त, म्हणजे स्वतः नेऊन बजावण्यासाठी हातात घ्या, त्याच दिवशी बजावा आणि बजावल्याचं प्रतिज्ञापत्र टाका. बदल्या मे महिन्यात आणि उन्हाळी सुट्टीही तेव्हाच, त्यामुळे सुट्टीतलं कामकाज कोणत्या दिवशी आहे हे आधी विचारून ठेवा.

सरकारचं उत्तर आलं की त्यात फाईलची पानं असतात. ती बसून वाचा, तारखा लावा. आदेशाच्या वेळी नसलेलं कारण उत्तरात नव्याने उगवलेलं दिसलं, तर तिथे बोट ठेवा. माझ्या जिंकलेल्या प्रकरणात मान्यतेच्या रकान्यात ‘चर्चा करावी’ एवढाच शेरा होता. चर्चा झाली असेलही. मान्यता मात्र कुठेच नव्हती.

मॅटने अंतरिम स्थगिती नाकारली किंवा अर्ज फेटाळला, तर एल. चंद्रकुमार निकालानुसार (१९९७) उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे रिट करता येते. तिथे जाताना रुजू होऊन जा. गैरहजर राहून लढणाऱ्याचा पगार थांबतो, सेवेत खंड पडायची भीती राहते आणि शिस्तभंगाची नोटीस येते. रुजू होताना ‘न्यायालयीन हक्क अबाधित ठेवून’ असं रुजू अहवालात लिहा.

जिंकलात तर आदेशाची प्रमाणित प्रत घेऊन पहिल्याच दिवशी जुन्या जागी हजर व्हा आणि हजर झाल्याचा शिक्का घ्या. अधीक्षक ‘वरून पत्र येऊ दे’ म्हणतील. लेखी द्या म्हणावं. फारच टोलवाटोलवी झाली तर न्यायाधिकरणाला १९८५ च्या कायद्याच्या कलम १७ खाली अवमानाचे अधिकार आहेत. मधल्या दिवसांचा काळ सक्तीची प्रतीक्षा म्हणून कर्तव्यकाळात धरावा, ही मागणी मूळ अर्जातच केलेली असावी. नंतर त्यासाठी वेगळा पत्रव्यवहार करत बसावं लागतं. दोन कार्यालयांच्या मध्ये अडकलेलं अंतिम वेतन प्रमाणपत्र आणि सेवार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतली नोंद परत येईपर्यंत दोन महिने पगार निघत नाही, तेवढी सोय हाताशी ठेवा.